रंगसूचनावाली डोरीन

आमच्या टॅमरॅक बे गावात नाटकं लिहिणारे नऊ जण आहेत आणि नाटकं बघणारे चाळीस. त्या चाळिसांत हे नऊ धरलेले आहेत. एवढ्या भांडवलावर आम्ही पंधरा वर्षं नाट्यलेखनाची कार्यशाळा चालवतो आणि ती अजून बंद पडली नाही, याचं श्रेय लोक क्लाइडला देतात. क्लाइड हा शाळेतला निवृत्त नाटकमास्तर. दाढी राखतो, भर उन्हाळ्यात मफलर घालतो, म्हणून त्याला श्रेय मिळतं. माझं मत विचाराल तर कार्यशाळा चालवली ती डोरीन हायटालाने. आणि तिने परवा-परवापर्यंत स्वतः एक ओळ लिहिलेली नव्हती.

डोरीन काउंटीच्या रस्तेखात्यात होती. बर्फ काढणाऱ्या गाड्यांना वायरलेसवरून रस्ते सांगायचे, हे तिचं काम. एकतीस वर्षं केलं. बाहेर वादळ असं की हात लांब केला तर बोटं दिसू नयेत, आणि हिचा आवाज मात्र दुकानात सामानाची यादी सांगावी तसा. "चार नंबर, शाळेच्या चढावर जा. सात नंबर, पूल बंद आहे, मागे फीर." माझं हार्डवेअरचं दुकान आहे, हिवाळ्यात मी तिथल्या वायरलेसवर दिवसभर तिचाच आवाज लावून ठेवत असे. तिने रस्ता बंद म्हटला की बंद. त्यावर कुणी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

ती आमच्यात आली ती ग्रंथालयात पुस्तक परत करायला. वरच्या खोलीत आमचं अभिवाचन चाललं होतं. अभिवाचनात नेपथ्य नसतं, कपडेपट नसतो. शाळेच्या बँडकडून आणलेले वह्या ठेवायचे स्टँड मांडायचे, नट त्यांच्यामागे उभे राहून वाचतात. त्यामुळे रंगसूचना वाचायला एक स्वतंत्र माणूस लागतो, नाहीतर प्रेक्षकांना कळणार कसं की याने आता पिस्तूल काढलं. त्या दिवशी तो माणूस आजारी होता. क्लाइडने दारात उभ्या असलेल्या डोरीनच्या हातात कागद दिले.

"उजवीकडून मार्था येते," डोरीनने वाचलं. "तिच्या हातात सुरा आहे. ओव्हर."

खोली हसून हसून आडवी झाली. डोरीन हसली नाही. तिने पेन्सिल मागितली, कागदावर काहीतरी टिपलं आणि पुढची सूचना ओव्हरशिवाय वाचली. त्यानंतर पंधरा वर्षांत आमच्याकडची एकही रंगसूचना दुसऱ्या कुणी वाचली नाही.

ती वाचायची म्हणजे नुसतं वाचायची. आवाजात कंप नाही, डोळे मोठे करणं नाही. "दार उघडतं," असं ती म्हणायची आणि आम्हाला पाठीला गार वारा लागायचा. ती म्हणे, "सूचना ही माहिती असते. दार उघडलं तर उघडलं. रडायचं काम नटांचं."

पण खरा जाच पुढेच होता. जे दिसत नाही ते सूचनेत लिहायचं नाही, हा तिचा कायदा. माझ्या दुसऱ्या नाटकात मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं, 'त्याच्या डोळ्यांत हरवलेल्या बालपणाची सावली तरळते.' डोरीन थांबली. चष्मा वर केला.

"वेंडेल, ही सावली कुठल्या बाजूने येते? डावीकडून की उजवीकडून?"

"ती... ती आतून येते, डोरीन."

"आतून म्हणजे स्वयंपाकघरातून?"

मी ती ओळ खोडली. त्या रात्री चिडून झोपलो नाही हे कबूल करतो. पण ओळ वाईट होती हेही कबूल करतो, आता.

दुसरा कायदा क्लाइडचा होता, पण राबवायची डोरीन. वाचन संपलं की श्रोते बोलतात आणि लेखक गप्प बसतो. खुलासा नाही, बचाव नाही, 'मला असं म्हणायचं होतं' तर नाहीच नाही. कुणी तोंड उघडलं रे उघडलं की डोरीन मान न वळवता म्हणायची, "वायरलेस बंद." माझा वायरलेस तिने किती वेळा बंद केला याची गणती नाही. माझ्या सहाही नाटकांत लोकांना न कळलेल्या गोष्टी पुष्कळ असतात, त्यामुळे मला खुलासेही पुष्कळ करायचे असतात.

तर अशी ही बाई. वय एकोणसत्तर. नवरा वॉरन जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. रक्ताचं म्हणावं असं एकच माणूस, धाकटी बहीण एल्वी. आणि एल्वीशी बोलणं बंद.

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी काढत नसे. आमच्याकडे न बोलण्याची परंपरा मोठी आहे. एखाद्याला जेवण आवडलं नाही तर तो 'वेगळं आहे' म्हणतो. घराला आग लागली तर 'जरा ऊब झालीय' म्हणेल. भांडण झालं त्याला अकरा वर्षं झाली. आईच्या अंत्यविधीनंतर एल्वीने आईचा हातमाग, ज्यावर तिने उभा जन्म चिंध्यांच्या सतरंज्या विणल्या, तो डोरीनला न विचारता चर्चच्या बायकांना देऊन टाकला. चर्चमध्येच, कॉफीच्या टेबलापाशी डोरीन काहीतरी बोलली. काय, ते कुणी ऐकलं नाही. एल्वीने हातातली बशी खाली ठेवली आणि निघून गेली. ती बोलायची बंद झाली ती तिथपासून.

अडचण अशी की तळ्याकाठचं आईचं लाकडी घर दोघींच्या नावावर, आणि तिथली सौना, म्हणजे लाकडं पेटवून तापवायची वाफेच्या स्नानाची खोली, दोघींना हवी. सौना सोडणं म्हणजे आमच्यातल्या फिनिश बायकांना श्वास घेणं सोडण्यासारखं. मग वाटप झालं. मंगळवार-शुक्रवार एल्वीचे, बुधवार-शनिवार डोरीनचे. हे वाटप ठरलं कसं देव जाणे, कारण ते ठरवण्यापुरतंही त्या बोलल्या नव्हत्या. अकरा वर्षं दोघी त्याच दगडांवर पाणी ओततात, त्याच बाकावर बसून घाम गाळतात, फक्त वार वेगळे.

गेल्या जानेवारीत, मंगळवारच्या बैठकीत, डोरीनने पिशवीतून चौतीस पानं काढली आणि टेबलावर ठेवली. नाव होतं, 'बुधवार'. दोन बहिणी, एक सौना. क्लाइडने मफलर सैल केला. त्या संध्याकाळी टेबलावरची बिस्किटं कुणी खाल्ली नाहीत, यावरून काय ते समजा.

एप्रिलमध्ये तिचं जाहीर अभिवाचन ठरलं. रविवारी दुपारी दोनला, जुन्या अग्निशामक केंद्रात. त्याच्या आदल्या आठवड्यात ती माझ्या दुकानात आली. दोन बिजागऱ्या घेतल्या, ज्यांची तिला काही गरज नव्हती.

"वेंडेल, सूचना तू वाच."

"मी? अगं, मी वाचतो तेव्हा नटतो असं तूच म्हणतेस."

"म्हणूनच सांगायला आलेय. नटू नकोस." तिने बिजागरी उघडझाप केली. "लेखकाने आपलं आपण वाचायचं नाही, हा नियम आहे. नाहीतर तुझ्याकडे आले असते का?"

"धन्यवाद."

"एल्वीला पत्र टाकलंय," ती म्हणाली. "जूनमध्ये ती अ‍ॅरिझोनाला चाललीय, मुलीकडे. कायमची. मला पोस्टातून कळलं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "ती आली नाही ना रविवारी, तर संपलं, वेंडेल. फोन करायला मला जमणार नाही. मी चार वेळा उचलून ठेवलाय. हे चौतीस पानांचं जमलं, तेवढंच."

 मी तिला बिजागऱ्या फुकट देऊ केल्या. ती म्हणाली, "मूर्खपणा करू नकोस," आणि पैसे ठेवून गेली.

त्या रात्री मी सूचना वाचून ठेवल्या. साध्या, कोरड्या, तिच्या आवाजातल्या. फक्त सोळाव्या पानावर अडखळलो. 'दाराजवळ शेजाऱ्याने रचून ठेवलेली बर्चची वाळलेली लाकडं.' शेजाऱ्याने? लाकडं दिसतील, ती कुणी रचली ते कसं दिसेल? डोरीनच्या कायद्यात हे बसत नव्हतं. मी पेन्सिल उचलली, आणि ठेवली. डोरीन हायटालाला रंगसूचना शिकवायला मी कोण? शिवाय मला माझ्या सावलीचा सूड घ्यायची हौस आहे असं तिला वाटलं असतं. ती हौस मला होतीच, पण तो भाग वेगळा.

रविवारी छत्तीस माणसं आली. दोनला पाच मिनिटं असताना दार उघडलं आणि एल्वी आत आली. डोरीनपेक्षा तीन वर्षांनी लहान, दोन्ही बाजूंना किंचित झुलत चालणारी. गेल्या वर्षी गुडघा बदललाय. मागच्या रांगेत कडेला बसली. कोट काढला नाही, पर्स मांडीवर. म्हणजे कधीही उठून जायची तयारी. डोरीन पहिल्या रांगेत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिची मान लाल झालेली मला स्टँडमागून दिसत होती.

शाळेतली नर्स मोठी बहीण झाली आणि पोस्टातली बाई धाकटी. मी नटलो नाही. देवाशपथ सांगतो, नटलो नाही. नाटक चांगलं होतं, खरंच चांगलं. दोघी सौनात एकामागून एक येतात, कधीच एकत्र नाही. एकीने विसरलेला टॉवेल दुसरी घडी करून ठेवते, आणि मग रागाने पुन्हा विस्कटते. लोक हसले. टॉवेलच्या वेळी पुढच्या रांगेतल्या एका म्हातारबुवांनी नाक शिंकरलं. मग शेवट आला. धाकटी चुकीच्या वारी येते, दारात उभी राहते आणि म्हणते, "ताई, माझं चुकलं. मी तुला विचारायला हवं होतं." मोठी सरकून बाकावर जागा करते. अंधार.

टाळ्या पडल्या. क्लाइड उभा राहिला. "काय लक्षात राहिलं, ते सांगा. नाटक दुरुस्त करायला जाऊ नका. आणि डोरीन—"

"वायरलेस बंद," डोरीन स्वतःच म्हणाली. लोक हसले.

एकाला टॉवेल लक्षात राहिला होता, एकीला दगडांवरच्या पाण्याचा आवाज, जो प्रत्यक्षात झालाच नव्हता. कुणीतरी म्हणालं, "शेवट जरा वेगळा आहे." आमच्याकडे याचा अर्थ काय, ते मी वर सांगितलंच आहे. डोरीनने वहीत लिहून घेतलं.

मग मागून हात वर आला. हातमोजा घातलेला.

"बोला," क्लाइड म्हणाला, आणि कुणाचा हात आहे ते दिसल्यावर त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"ती धाकटी शेवटी माफी मागते," एल्वी म्हणाली. "ती मागणार नाही."

"हे तुमचं—" क्लाइड म्हणू लागला.

"तिने मागाबद्दल विचारायला हवं होतं, ते ठीक. पण त्या दिवशी मोठी तिला काय म्हणाली, ते नाटकात नाहीच. प्रेक्षकांना वाटणार, बाई एका मागावरून अकरा वर्षं फुगून बसलीय. माणूस मागावरून एवढा नाही फुगत."

 डोरीनची पेन्सिल वहीवर टेकलेली, हलत नव्हती.

"असू दे," एल्वी म्हणाली. "नाटकात माणसं काहीही बोलतात, ते लिहिणाऱ्याच्या मनावर. पण सूचना तरी खरी पाहिजे ना? वेंडेल, ते लाकडांचं परत वाच."

मी पानं उलटली.  "दाराजवळ शेजाऱ्याने रचून ठेवलेली बर्चची वाळलेली लाकडं."

"शेजारी कुठे आहे?"

"म्हणजे?"

"स्टेजवर आहे का शेजारी?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं त्याने रचली?"

"इथे लिहिलंय, एल्वी."

"जिने लिहिलं तिला कुणी सांगितलं?"

मी डोरीनकडे पाहिलं. पंधरा वर्षांत तिचा चेहरा असा पाहिला नव्हता. आपल्याच नकाशावरचा रस्ता सापडेना झाल्यासारखा.

"धाकटीने रचली ती," एल्वी म्हणाली. आवाज तसाच कोरडा; बहिणीच शेवटी. "दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी. आपलं आटोपलं की दुसरीसाठी एक रास, वाळलेल्यातली. गुडघा कापला त्या महिन्यात घसरगाडीवर घालून ओढत नेली, पण रचली. मोठीला ओली लाकडं पेटवता येत नाहीत. लहानपणापासून येत नाहीत. नुसता धूर करून ठेवते आणि मग सर्दी होते तिला."

डोरीन उठून उभी राहिली. "मी... शेजारचा रूडी—"

"वायरलेस बंद, डोरीन," क्लाइड म्हणाला. निव्वळ सवयीने. मी त्याला अजून माफ केलेलं नाही, पण सवयच ती.

"बोलू दे तिला, क्लाइड," एल्वी म्हणाली. "अकरा वर्षं वाट बघतेय मी."

क्लाइड खाली बसला. बसला कसला, कोसळला. छत्तीस माणसं एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागली, आणि सगळ्यांचे कान मात्र तिथेच.

डोरीन मागे वळली. तिने वही खुर्चीवर ठेवली.

"मी म्हणाले होते, 'आईला टाकलंस, तसा मागही टाकलास,'" ती म्हणाली. त्याच आवाजात, शाळेच्या चढावर जा म्हणावं त्या. "पहिल्या खर्ड्यात ते वाक्य होतं. मग मी ते खोडलं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची लाज वाटली. तू आईला टाकलं नव्हतंस. चार वर्षं तूच तिचं सगळं केलंस, उचलवेनाशी झाली तेव्हाच तिला वृद्धाश्रमात ठेवलंस. मी वायरलेसवर होते. मी दुसऱ्यांचे रस्ते मोकळे करत होते."

एल्वीने मान हलवली. "हं," म्हणाली. आमच्याकडे 'हं' पुष्कळ मोठं असतं.

"माफी मी मागायची होती," डोरीन म्हणाली. "आणि मी ती तुझ्या तोंडी घातली. लबाडी केली."

"केलीस."

"चुकलं माझं, एल्वी."

 एल्वीने हातमोजे काढले, एकात एक घातले आणि पर्समध्ये ठेवले. मग कोटाची बटणं सोडायला लागली. पुढच्या रांगेतल्या म्हातारबुवांनी पुन्हा नाक शिंकरलं.

"पण मला खरंच वाटलं होतं की लाकडं रूडी रचतो," डोरीन म्हणाली. रूडी म्हणजे तळ्यावरचा शेजारी, एकटा म्हातारा, वर्षाला वीसेक शब्द बोलणारा. "त्याच्याकडे लाकडं फोडायचं यंत्र आहे ना. म्हणून मी दर नाताळला त्याला वेलदोड्याचा पाव देत होते. आई वेणी घालून करायची, तसा."

एल्वीचे हात बटणांवर थांबले. "दर नाताळला?"

"हो."

"म्हणजे अकरा?"

"अकरा."

"आणि त्याने घेतले?"

"म्हणायचा, 'कशाला उगाच.' मला वाटलं, लाजतोय."

कुणीतरी फसकन हसलं, बहुधा मीच. डोरीनही हसायच्या बेतात होती, पण एल्वीच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली. एल्वीचे ओठ थरथरत होते आणि एवढा वेळ यादी वाचल्यासारखा असलेला तिचा आवाज पार फुटला.

"आईच्या हातच्यासारखे अकरा पाव त्या रूडीने खाल्ले," ती म्हणाली. "माझे होते ते, डोरीन. ते माझे होते."